मुलीनं वाचून ठेवावं

बघायला आलेल्या लोकांपुढं प्रत्येक मुलीचा छंद वाचन असतो, आणि त्याच्यापुढं कोणी काही विचारत नाही. माझ्याच नशिबी असा माणूस यावा, ज्याला उत्तर हवं होतं!

त्र्याहत्तर सालची गोष्ट. सावनेरचे वामनराव, रिटायर्ड मास्तर. आपल्या घराण्याचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून पदरखर्चानं छापला होता. बघायला येण्याआधी त्यांनी कवडूमामाच्या हाती एक प्रत पाठवली आणि निरोप दिला, "मुलीनं वाचून ठेवावं."

त्यांचा मुलगा चंद्रभान मला आवडला होता. मामाकडे एकदा भेट झाली होती. हसताना तो मान खाली घालायचा. त्याआधी दोन स्थळांनी मला नाकारलं होतं, मी फटकळ म्हणून. त्यामुळे गांधीबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी सगळे धास्तावलेले होते.

"उचलली जीभ न् लावली टाळ्याले, असं करू नको वं," आई सकाळपासून बजावत होती. "पुस्तक छान आहे म्हण न् गप बस."

पोहे झाले. वामनराव बाबांशेजारी बसले होते, त्यांची बायको पंचफुलाबाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी, चंद्रभान दारापाशी.

"हं पोरी, अलीकडे काय वाचलं?"

"तुमचं पुस्तक. आणि वाचनालयातली एक कादंबरी."

"कादंबरी खोटी असते, इतिहास खरा." ते हसले. "वाटला का काही फरक?"

आता इथं 'छान आहे' म्हणायचं होतं. आई आतून बांगड्या वाजवत होती. पण खरं सांगते, ते पुस्तक वाचतानाच माझं डोकं सणकलं होतं.

"वाटला," मी म्हणाले. "त्या खोट्या कादंबरीत घरोघर पाणी भरणाऱ्या बाईलासुद्धा नाव आहे. तुमच्या खऱ्या इतिहासात पाच पिढ्या आहेत, बैलांचीसुद्धा नावं आहेत, पण बाईचं एकही नाही. तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

वामनरावांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली. बाबांचा चेहरा पार उतरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चंद्रभानकडे बघायची माझी हिंमत होईना, आणि रडू कोसळेल असं वाटत होतं.

"चला," वामनराव उठले. "पोरगी जास्तच शिकली."

चंद्रभान उठला. पंचफुलाबाई उठल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं पुस्तक हातात घेतलं. ते उलटं धरलंय हे त्यांना कळलं नाही.

"मले वाचता येत नाही, बाई," त्या मला म्हणाल्या. "याच्यात माहं नाव आहे का?"

बाबा डोळ्यांनी माझ्या पाया पडत होते. 'आहे' म्हटलं असतं तर त्या बाईला कधी कळलंही नसतं. 'वामनरावांस तीन पुत्र झाले', एवढंच होतं त्यात.

"नाही," मी म्हणाले.

पंचफुलाबाईंनी उठून नवऱ्याच्या खिशातला पेन काढला आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"मंग लिही. पंचफुला. न् त्याच्या आधी आजेसासूचं लिही. भागरथी नाव होतं तिचं."

वामनराव चपलेत पाय घालत होते. "चाल, बस चुकते."

"बसा जी," त्या म्हणाल्या. "सून लिहून राहिली."