मागची सीट

नवी गाडी घे, असं जो तो मला सांगत होता आणि ज्याने त्याने सांगितलं त्याच्यावर मी भडकत होते. चष्म्याच्या ज्या दुकानात मी काचा घासते तिथल्या मालकांनीही सांगितलं, आणि त्यांना साधी स्कूटर स्टँडवर लावता येत नाही. खरं तर पहिली तक्रार माझीच होती. गेल्या वर्षभरात माझी लाल स्पोर्ट बाइक पार बिघडली होती. बारीकसा खड्डा आला तरी मागचं चाक उसळायचं, वळणावर गाडी ढुशा द्यायची आणि संध्याकाळी मी कंबर धरून जिना चढायचे.

दादा म्हणाला, म्हातारी झाली ती, काढून टाक. म्हातारं हा शब्द त्याच्या तोंडात फार सहज येतो. बाबांबद्दलही तो असंच बोलतो.

तरी मी त्याच्याबरोबर शोरूममध्ये गेले. तिथल्या टायवाल्या सेल्समनने ब्रेक, इंजिन, क्लच न दाबता पडणारे गिअर, सगळं दादाला समजावलं. मला फक्त रंग कुठला आवडतो ते विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू? मी तिच्यावर बसले आणि हँडल धरल्याधरल्या मनातल्या मनात डोंगरातली दोन वळणं घेऊनही आले. मग सवयीने मागे पाहिलं. मागे सीटच नव्हती. एक निमुळता उंचवटा होता, त्यावर मांजरही टिकलं नसतं.

"मागच्या माणसाने कुठे बसायचं?" मी विचारलं.

"ही एकट्याची गाडी आहे, मॅडम," तो हसत म्हणाला. "मागे ओझं हवंय कशाला?"

मी उतरले आणि त्याला सांगितलं, रंगाचंच विचारताय तर तुमच्या टायचा रंग मला अजिबात आवडला नाही. दादा घरी येईपर्यंत मला झापत होता.

ते ओझं म्हणजे आमचे बाबा. बाबा लिफ्टचे फिटर होते. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते माझ्यामागे बसायचे आणि आम्ही तलावापर्यंत चक्कर मारून यायचो. निघण्याआधी ते वाकड्या तोंडाचा पाना घेऊन मागच्या चाकाशी बसायचे आणि शॉकअपची स्प्रिंग दोघांच्या वजनासाठी घट्ट करायचे. परत आल्यावर माझ्या एकटीसाठी सैल करायचे. त्या पान्याला मी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी परत आलो, बाबा उतरले आणि पार्किंगमध्येच कोसळले. उजवी बाजू गेली. आता ते काठी घेऊन, पाय ओढत चालतात. पण ते पुन्हा माझ्यामागे बसणार, हे मी धरूनच चालले होते. मागे सीट नसलेली गाडी घरात आणायची म्हणजे ते कधीच बसणार नाहीत, हे मी स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ते मला करायचं नव्हतं.

शोरूममधून आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून उन्हात बसले होते. दादाने लगेच माझी तक्रार केली आणि म्हणाला, आता तुम्हीच हिला समजवा. बाबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. या गाडीला काय झालंय, ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वाकून मागचं चाक पाहिलं.

"स्प्रिंग सैल केली होती का कुणी?"

"कोण करणार? ते तुमचं काम."

"ठिणगे," बाबा म्हणाले. राग नाकावर असतो म्हणून ते मला ठिणगी म्हणतात. "वर्षभर दोघांची स्प्रिंग ठेवून एकटी फिरतेयस. उसळणार नाही तर काय करेल ती?"

त्यांनी पाना मागवला. डाव्या हाताने स्प्रिंगवरच्या रिंगच्या खाचेत बसवायला गेले, तर तो निसटून फरशीवर पडला. दादा पुढे झाला, त्याला त्यांनी थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू कर. मी आता मागे बसत नाही. पाय वर जात नाही माझा, बाळ."

मग मात्र माझा तोल गेला. तुम्ही व्यायाम चुकवता, तुम्ही हातपाय गाळलेत, दादाने तुमचे कान भरलेत, तोंडाला येईल ते मी बोलले. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी पडलेला पाना काठीने माझ्याकडे सरकवला.

"झालं? आता सैल कर. मग ठरव नवी घ्यायची का."

मी फरशीवर बसले. रिंग गंजून घट्ट बसली होती. हाताने हलेना, तेव्हा मी पान्यावर दातओठ खात लाथ घातली आणि ती फिरली. मग बाबा थांब म्हणेपर्यंत फिरवत राहिले.

गाडी रस्त्यावर काढली. पहिल्या वळणावरच ती पूर्वीसारखी वाकली, निमूट, ढुशा न देता. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात मी ती मुद्दाम घातली. एकदा तरी उसळ, असं तिला ओरडून म्हणत होते. ती नाही उसळली. हेल्मेटच्या आत मी टायवाल्याला, दादाला आणि बाबांना, तिघांनाही शिव्या घातल्या.

परत आले तेव्हा बाबा तिथेच होते.

"कशी आहे?"

"चांगली आहे," मी जमेल तितक्या रागाने म्हणाले. "नवी नको."

बाबा काठी टेकत उठले. गाडीजवळ येऊन त्यांनी डावा तळहात मागच्या सीटवर ठेवला आणि दाबून पाहिलं. सीट सहज खाली गेली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.