दोघांपुरती बोट

ती भूगोल शिकवायची. उभ्या नोकरीत तिने नकाशावर छडी ठेवून मुलांना महासागर दाखवले आणि स्वतः एकही ओलांडला नाही.

"उंटावरून शेळ्या हाकल्या हो मी," निवृत्तीच्या दिवशी घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा वायरमन. बोलणं कमी, हात सतत कामात. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मग जायचं का?"

त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली, आणि बघता बघता त्या बोटीने घर गिळलं. पलंगावर शिडाचं कापड, न्हाणीघरात दोरखंड, जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं इंजिन. मुलगी रविवारी यायची ती बसायला जागा शोधायची.

"साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, पण दोघांची एकाच दिवशी?"

नकाशे, वारे, दिशा तिच्याकडे; पंप, बॅटऱ्या, दिवे त्याच्याकडे. "बोटीवर मी कप्तान," तिने बजावलं. "तिथे अहो-जाहो बंद. सरळ 'अरे' म्हणून हाक मारीन."

"घरात तरी कुठे माझं चालतं?" तो म्हणाला, पण मनातून खूश झाला.

निघायला थोडे महिने उरले तसे ते दुखण्याखुपण्याच्या तयारीला लागले. भर समुद्रात दवाखाना कुठला? दोघांनी किडके दात काढून घेतले. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्सही काढून टाका, तिकडे फुटलं तर कोणी धावून येणार नाही. त्याचं ऑपरेशन सुरळीत झालं. मग तिची सोनोग्राफी. तपासणारी मुलगी तिच्याशी गप्पा मारत होती, ती मध्येच एकाच जागी यंत्र फिरवत राहिली. "सरांना बोलावते हं," म्हणून उठली.

अपेंडिक्स ठणठणीत होतं. गाठ दुसरीकडेच होती, आणि तिथून ती यकृतापर्यंत पोचली होती.

"दुखत नव्हतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखायचं की. मला वाटलं, इंजिन उचललं म्हणून."

घरी आल्यावर ती कपडेही न बदलता शिडाला टाके घालायला बसली. तो दारातच उभा राहिला.

"आता कशाला ते?"

"अर्धं राहिलंय."

"राहू दे!" तो ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्याने तिच्या हातातलं कापड ओढलं, सुई तिच्या बोटात घुसली, आणि रक्ताचा तो थेंब बघून तो मटकन खाली बसला. लहान मुलासारखा रडला.

तिने बोट तोंडात धरलं, दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "तू एकटा जा," ती म्हणाली. "अरे, सगळं तयार आहे."

"मला तुझ्याशिवाय उत्तर दिशा कुठे तेही कळत नाही."

त्या दिवसापासून ती त्याला घरातच 'अरे' म्हणू लागली. मुलीने ते पहिल्यांदा ऐकलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली. बराच वेळ नळ चालू राहिला.

औषधांनी ती वाळत गेली. एका शांत सकाळी, जरा बरं वाटत असताना, तिने बोटीवर न्यायला सांगितलं. बापलेकींनी तिला उचलून आत बसवलं. सुकाणू तिच्या हाती दिलं. धक्क्याची भिंत मागे पडली तशी पहिली मोठी लाट बोटीखालून गेली. बोट वर उचलली गेली, अलगद खाली आली. ती मोठ्याने हसली. मुलीने आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने सुकाणूवरचा तिचा हात घसरला. तिने तो परत वर ठेवला. परत घसरला.

"अरे, फिरव," ती म्हणाली.

"अजून जरा जाऊ. वारा चांगला आहे."

"कप्तान कोण आहे?"

त्याने बोट फिरवली. परतताना वारा समोरून आला, फार वेळ लागला. ती मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. तो मागे वळून बघत नव्हता.

त्यांचा निघायचा मोसम आला तेव्हा ती नव्हती. लोक म्हणाले, तिच्यासाठी तरी जा. तो धक्क्यावर जायचा, बोटीतलं पाणी उपसायचा, घरी यायचा. शेवटी त्याने ती बोट एका नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला देऊन टाकली.

द्यायच्या दिवशी त्याने त्यांना प्रत्येक दिवा लावून दाखवला, कुठली वायर कुठे जाते ते समजावलं. नवी नवरी सगळीकडे हात फिरवून बघत होती.

"काका, केवढं निगुतीने केलंय हो सगळं! काकू आणि तुम्ही कुठवर जाऊन आलात?"

"त्या भिंतीच्या जरा पलीकडे," तो म्हणाला.

दोघांना ती गंमत वाटली. दोघं खळखळून हसली. त्याने त्यांना हसू दिलं, आणि पंप कसा सुरू करायचा ते सांगायला खाली वाकला.