गजभियेंनी सांगितलेला आकडा

“शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. आता सांगा काका, जबडा किती दुखतो?”

मैत्री पेन उघडून बसली होती. सुखदेव गजभियेंचं उजवं कानशील सकाळपासून ठणकत होतं. खरा आकडा आठ होता. ते म्हणाले, “तीन.”

“अरे वा! नक्की ना काका?”

“बिल्कुल. तीनच लिही.”

त्यांच्या या औदार्याला कारण होतं. गुरुग्रामच्या त्या हॉस्पिटलात झिजलेल्या जबड्याच्या सांध्यावर एक अभ्यास चालला होता. पेशंटचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला भरून काढणारा भाग कानापुढच्या सांध्यात टोचायचा आणि सांधा सुधारतो का ते पाहायचं. गजभियेंना पहिली सुई टोचून झाली होती. मैत्री तिथे नोंदी ठेवायची. पोरगी भंडाऱ्याची, गजभियेंच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरची. मागच्या खेपेला मोठे डॉक्टर तिच्यावर खेकसलेले गजभियेंनी ऐकलं होतं. सरकारी खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एवढं कळतंच, की वाईट शेरा वर गेला की खापर खालच्याच्या डोक्यावर फुटतं. आपल्यामुळे गावाकडच्या पोरीला बोलणी नकोत, एवढाच त्यांचा हिशेब.

मग तोंड किती उघडतं ते मोजायला तिने दातांमध्ये पट्टी धरून आ करायला सांगितलं. गजभियेंनी असा आ वासला की डोळ्यांतून पाणी आलं.

“काका, डोळे?”

“एसी लागतो गं.”

तिने तेही खरं मानलं. गजभिये मेट्रोने मयूर विहारला परतले ते खुशीतच. कुणाचं तरी भलं केल्यासारखं त्यांना वाटत होतं.

“किती सांगितलंत?” वरणात पोळी कुस्करता कुस्करता चंदाबाईंनी विचारलं. हल्ली नवऱ्याला त्या असंच जेवायला देत.

“तीन.”

“तीन? सकाळी चहात बुडवलेला टोस्ट चावता येईना तुम्हाला! जन्मभर साहेबांना बरं वाटेल तेच लिहिलंत, आता डॉक्टरांनाही तेच?”

“अगं, आकडाच तर आहे.”

दोन दिवसांनी मैत्रीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “काका, तुमचं दुसरं इंजेक्शन वाचलं! पाच किंवा जास्त दुखणाऱ्यांनाच ते देणार आहेत.”

गजभियेंनी कपाटातून संमतीपत्र काढलं. सातव्या पानावर हे स्पष्ट लिहिलं होतं. आयुष्यभर लोकांना ‘वाचून सही करा’ म्हणणाऱ्या गजभियेंनी ते पान उलटलंच नव्हतं. पूर्व दिल्लीतल्या विदर्भाकडच्या कितीतरी बौद्ध घरांतल्या लग्नांत त्यांनी वंदना घेतली होती, भरल्या हॉलला पंचशील दिलं होतं. आता दहा ओळी म्हटल्या की जबडा अडकायचा. तीन आठवड्यांवर समताचं लग्न होतं. स्वतःच्या लेकीच्या लग्नात पंचशील द्यायचं, एवढ्यासाठीच तर त्यांनी ती सुई टोचून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी उघडण्याच्या वेळेलाच ते हॉस्पिटलात हजर झाले.

“मैत्री, त्या दिवशी मी खोटं बोललो. तीन नाही, आठ.”

तिचा चेहरा उतरला. “का, काका?”

“तुला कुणी बोलू नये म्हणून.”

तिने नोंदींची वही पुढ्यात ओढली. मग म्हणाली, “काका, आम्हाला चांगला आकडा नको होता, खरा हवा होता. तुमच्या तीनवर भरवसा ठेवून उद्या आणखी शंभर जणांना सांगितलं असतं की या सुईने बरं वाटतं.”

हे गजभियेंच्या डोक्यातच आलं नव्हतं. लाजेने त्यांची मान खाली गेली. “मग आता?”

“तुम्ही सांगितलंत ते लिहून वर कळवते. पण आकडा खोटा दिलेल्या पेशंटला अभ्यासात ठेवत नाहीत, तुम्हालाही काढतील. दुसरं इंजेक्शन नाही मिळणार. ओपीडीत दाखवा, गोळ्या देतील.” तिचे डोळे भरले होते. “तुमचे डोळे मी पाहिले होते, काका. मला पुन्हा विचारायला हवं होतं. मलाही तो तीन आवडला होता.”

“तुझा काही दोष नाही, पोरी,” ते म्हणाले. या वेळी ते खरंच बोलत होते.

लग्नाच्या दिवशी मयूर विहारचा कम्युनिटी हॉल माणसांनी भरला होता. कुणीतरी म्हणालं, “गजभिये साहेब, तुम्ही नाही तर कोण?” गोळी घेऊन ते उभे राहिले. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. ते एकेक ओळ सांगत होते आणि हॉल मागून म्हणत होता. तिसऱ्यानंतर जबडा अडकला. तोंड अर्धवट उघडं, हात गालावर, आवाज नाही. लोक थांबून त्यांच्याकडे पाहू लागले.

पांढऱ्या साडीतली समता नवऱ्यामुलाशेजारून एक पाऊल पुढे आली. दिल्लीत वाढलेली पोर, बोलताना निम्मं हिंदीच बोलायची. पण लहानपणापासून प्रत्येक लग्नात ती बापाच्या पायाशी बसून हे ऐकत आली होती. वडिलांकडे पाहत, न अडखळता तिने चौथं शील दिलं. खोटं न बोलण्याचं.

सगळा हॉल तिच्यामागून म्हणाला. गजभियेंनी गालावरचा हात काढला, दोन्ही हात जोडले, आणि लेकीच्या मागून ते मनातल्या मनात म्हटलं.