समोरचं दार

"आम्हाला काही विकत घ्यायचं नाही!" आतून कुणीतरी खेकसलं. फुमिए टॉवेलचं पुडकं छातीशी धरून तशीच उभी राहिली. दार न उघडणारं हे तिसरं घर. कसली मेली माणसं!

नव्या घरी राहायला गेलं की आजूबाजूच्या दारी एकेक टॉवेल द्यायचा आणि वाकून 'सांभाळून घ्या' म्हणायचं, ही जपानातल्या तिच्या सेंदाई गावची रीत. शिकागोत येऊन बावीस दिवस झाले, तरी तिला अजून कुणी नावानं ओळखत नव्हतं.

सकाळी तिचा नवरा कोसाकू बूट चढवता चढवता म्हणाला होता, "दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घालतेस. वेड लागेल तुला. शुक्रवारपर्यंत कुणाशी ओळख झाली नाही, तर तिकीट काढतो. बहिणीकडे जाऊन राहा."

"आणि तुम्ही?"

"मी राहीन की एकटा. ओसाकाला नव्हतो राहिलो?"

राहिला होता ना! कंपनीनं धाडलं म्हणून चार वर्षं एकटा राहिला आणि परत आला तो टीव्हीशी बोलणारा माणूस होऊन. फुमिएला ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तिनं चौथं, अगदी आपल्या समोरचं दार वाजवलं.

काठी टेकत एक म्हातारी आली. "आता काय? माझ्या टीव्हीचा आवाज होतो? जा, कर तक्रार!"

"नाही, नाही. मी फुमिए. समोर राहते. सांभाळून घ्या."

म्हातारीनं पुडक्याकडे संशयानं पाहिलं. "किती पैसे?"

"पैसे नाही. शेजार."

म्हातारीनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "अगं बाई, एकोणीस वर्षं झाली मला इथे. पिझ्झावाल्याखेरीज कुणी दार वाजवलं नाही, आणि तू आज उगवलीस होय? गुरुवारी चालले मी. लेकीनं वृद्धाश्रमात नाव घातलंय माझं." तिनं टॉवेल उलगडून गालाला लावला. "मऊ आहे गं. ये आत. मी कुबियाक."

फुमिए तासभर बसली. निम्मं बोलणं तिला कळलंच नाही, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे पाय एका जागी ठरले.

"झाली ओळख," संध्याकाळी तिनं सांगितलं. "समोरच्या कुबियाकबाई. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगल्या."

कोसाकूचा चेहरा उजळला. "मग तिकिटाचं राहू दे?"

"राहू दे."

गुरुवारी हमाल सामान न्यायला आले, तेव्हा फुमिए लिफ्टचं दार धरून उभी होती. कुबियाकबाईंची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती फुटपाथवर वाकून राहिली. येणारेजाणारे तिला वळसा घालून गेले.

संध्याकाळी जेवायला बसताना कोसाकूनं विचारलं, "काय म्हणतात तुझ्या कुबियाकबाई?"

"बऱ्या आहेत," फुमिए त्याच्या वाडग्यात भात वाढत म्हणाली. "आज जरा बाहेर गेल्यात."