वहिनींनी घेतलेला उलटतपास

मित्रांनो, साक्ष देताना माणसे ज्याला घट्ट धरतात, तो दिवाणी न्यायालयातला जुना लाकडी कठडा म्हणजे मी. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, तेव्हा जो तो कौतुकाने हात फिरवायचा. पुढे घामट तळव्यांनी माझे पॉलिश गेले, एक पाय डुगडुगू लागला. तिकडे कोणी पाहत नाही. पण माणसाची भीती मला अजून तळव्यांतून कळते.

शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंच्या धाकट्या दिराने सामाईक बोळाच्या दाराला कुलूप ठोकले. घरी जायची त्यांची वाटच बंद झाली. वकील परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच दावा लावला. पहिल्या तारखेला पुकारा झाला, पण बाई भीतीने बाहेरच बसून राहिल्या. गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला. रडत रडत त्यांनी पुन्हा अर्ज केला. न्यायाधीशांनी दावा पुन्हा सुनावणीला घेतला आणि पुढच्या खेपेला नाव ऐकताच आत यायला बजावले.

बाईंची साक्ष कशीबशी पार पडली. मग दीर मला धरून उभा राहिला. त्याला प्रश्न विचारायची पाळी बाईंची होती, पण त्या आपलेच दुःख सांगू लागल्या.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुमची साक्ष झाली. आता फक्त प्रश्न विचारा."

बाईंनी मागे वळून पाहिले. आता या खाली बसणार, या धास्तीने मीही गारठलो.

"भाऊजी," त्या कशाबशा म्हणाल्या, "सासूबाईंना दवाखान्यात कुठल्या दारातून नेलं?"

दिराने आपल्या वकिलाकडे पाहिले. न्यायाधीशांनी त्याला समोर पाहायला सांगितले.

"बोळाच्या."

"तेव्हा कुलूप होतं?"

"नव्हतं."

"मी लग्न होऊन आले, तेव्हापासून कुठून ये-जा करत होते?"

त्याचे तळवे घामाने निसटू लागले. तोही घाबरला होता.

"तिथूनच. दुसरी वाट नव्हती."

त्याच्या वकिलाने पेन खाली ठेवले.

निकालाच्या दिवशीही बाई एकट्याच आल्या होत्या. कुलूप काढायचा हुकूम झाला, तरी त्यांना खरे वाटेना. दीर जवळून जाताना पुटपुटला, "वहिनी, किल्ली घरी आहे."

"आज संध्याकाळीच काढा, भाऊजी," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, बोलता बोलता त्या सारख्या मागे वळून पाहायच्या. मागचा बाक रिकामा असायचा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी कोर्टाची तारीख आली, तर त्या माणसाला एकटे धाडू नका. कायदा कळत नसला तरी चालेल. त्याला दिसेल असे नुसते बसून राहा.