जुना कोट जमा

कामावर मला सगळे 'कुलूप' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला माहीत आहे. बसच्या वर्कशॉपातलं स्टोअर माझ्या ताब्यात आहे आणि माझा नियम एकच, जुना पार्ट आणा, नवा न्या. मेकॅनिक कितीही घाईत असू दे, 'साहेब, जुना फुटला, फेकून दिला' म्हणून गयावया करू दे, मी ढिम्म हलत नाही. जा, शोधून आण. निम्म्या वेळा तो पार्ट बघून मीच सांगतो, अरे, याला काय धाड भरलीय, पुसून लाव, वर्षभर चालेल. आणि चालतो. शिव्या घालतात त्या घालू देत.

घरातही तेच. बायकोला नवी चप्पल हवी असली की जुनी माझ्यासमोर आणून ठेवायची. मी उलटीपालटी करून बघणार. अंगठा तुटला असेल तर शिवून आणू, तळ गेला असेल तर मंजूर. अठ्ठावीस वर्षं हे चाललंय. "लग्नात यांनी मला जुना नवरा जमा कर म्हटलं नाही, हेच नशीब," असं ती चारचौघांत सांगायची आणि लोक हसायचे. भांडायचीही कडाकडा. पण त्यात तिला मजा येत असावी, कारण जिंकली की आठ-आठ दिवस ती नवी चप्पल घालून माझ्यासमोरून उगाच ये-जा करायची.

असल्या माणसाच्या खिशात क्रेडिट कार्ड कुठून येणार? उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे मला वडिलांनी अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलं होतं. पण दीड वर्षापूर्वी तिचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात आधी पैसे, मग सुई. शेवटी नाक मुठीत धरून बँकेत गेलो आणि कार्ड घेतलं. घरी आणलं त्या दिवशी तिनंच त्याला कागदाचं पाकीट करून दिलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फक्त गरजेला'. "हौस रोखीनं करायची," ती म्हणाली. "तुमच्यासारखी झाले बघा मी."

त्या मंगळवारी तपासणी होती. डॉक्टरबाईंनी तिला नर्सबरोबर वजन करायला पाठवलं आणि मला बसायला सांगितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या असत्या, मुलगी असती तर. त्या म्हणाल्या, आता दुखणं कमी ठेवता येईल, बरं नाही करता येणार. मी विचारलं, "किती?" त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं आणि म्हणाल्या, "तीन महिने. फार तर चार." मी जुना पार्ट परत करायला आलेल्या पोरासारखा त्यांच्यापुढे नुसता उभा राहिलो. याला काय झालंय, पुसून लावा, असं मला कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बाहेर आलो तर ती बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती.

"काय म्हणाल्या?"

"गोळ्या बदलल्यात."

"एवढंच सांगायला इतका वेळ?"

"अक्षर वाईट आहे त्यांचं. नीट विचारून घेतलं."

तिनं मान हलवली. आम्ही निघालो. दुपारचं ऊन मी म्हणत होतं आणि बसथांब्यापर्यंत जायला सावलीसावलीनं दुकानांच्या कडेनं चालायचं होतं. कोपऱ्यावरच्या मोठ्या कपड्यांच्या दुकानासमोर ती थांबली. काचेत थंडीचे कपडे लावले होते, भर उन्हाळ्यात, आणि वर पाटी होती, निम्म्या किमतीत.

"बघून येऊ या ना," ती म्हणाली. "बघायला पैसे पडत नाहीत. आत गारही असेल."

आत खरंच गार होतं. ती सरळ एका कोटापाशी गेली. गडद निळा, गुडघ्यापर्यंत, आतून मऊ अस्तर, मोठी काळी बटणं. काउंटरवरच्या मुलीनं तो तिच्या अंगावर चढवला. खांदे दोन्हीकडून उतरले होते. मुलगी म्हणाली, "काकू, एक साईज लहान देऊ का?"

"नको गं. थंडीपर्यंत अंग भरेल माझं."

थंडीला सहा महिने होते. मी शर्टांच्या ढिगाकडे बघायला लागलो.

"अहो," ती आरशातूनच म्हणाली, "घेऊ का? रोख नाहीत माझ्याजवळ. कार्डावर घ्यावा लागेल."

आता हे ऐका. माझं उत्तर तयार होतं. अठ्ठावीस वर्षं घोटलेलं उत्तर, तोंडात आपोआप येतं. जुना कोट आण आधी, काय झालंय त्याला? शिवाय निम्मी किंमत म्हटली तरी माझा अर्धा पगार होता आणि कार्डावर जेमतेम दोन महिन्यांच्या औषधांपुरती जागा उरली होती. पाकिटावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण 'गरज नाही' हे दोन शब्द मला त्या दिवशी उच्चारता येईनात. तिला कोटाची गरज नाही, हे तिथे फक्त मलाच माहीत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"घे," मी म्हणालो.

"घेऊ?"

"घे गं. शोभतो तुला. हौसेला मोल नसतं."

हौसेला मोल नसतं, हे मी म्हणालो. मी. वर्कशॉपात कुणी ऐकलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं मला. ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली, मग बटणं एकेक करून काढायला लागली.

काउंटरवर मुलीनं विचारलं, "काका, पैसे एकदम की हप्त्यांनी?"

"बारा हप्ते कर," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. बायकोला ऐकू जावं म्हणून. बारा महिने म्हणजे पुढचा उन्हाळा. पुढच्या उन्हाळ्याचं बोलणारा माणूस काही लपवत असेल, असं कोणाला वाटेल?

"सेलचा माल परत किंवा बदलून मिळत नाही," मुलगी म्हणाली.

"वाचलंय मी. पावतीच्या खाली आहे."

घरी येईपर्यंत ती बसच्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, दमली असेल. पिशवी मी मांडीवर धरली होती आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला बरं वाटत होतं. जमलं आपल्याला, असं वाटत होतं. पहिल्यांदाच तिला काहीतरी भांडायला न लावता दिलं होतं.

मी चहा टाकला. ती आतल्या खोलीत गेली, कपाटाचं दार वाजलं आणि बाहेर येऊन तिनं तिचा जुना तपकिरी कोट माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"घ्या. जमा करून घ्या."

"हे काय?"

"विसरलात ना मागायला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा विसरलात." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "किती म्हणाल्या डॉक्टर?"

करणार काय? हाताला सवय म्हणून मी कोट पुढे ओढला. बटणं तपासली, सगळी पक्की. खिशांची शिवण धरून ओढून पाहिली, अस्तर उलटं केलं, कॉलर उजेडात धरली. एका बाहीच्या टोकाला जरा विरलं होतं, तेही आतून.

"काय झालंय त्याला?" तिनं विचारलं.

"काही नाही. अजून पाच थंड्या निघतील."

"मग हेच म्हणायचं होतं ना दुकानात." तिचा आवाज चढला नव्हता. "मला कोट नको होता हो. तुम्ही त्या खोलीतून बाहेर आलात तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, विचारून बघू. नाही म्हणाले, तर सगळं ठीक आहे. तुमचं 'नाही' ऐकायलाच थांबले होते मी त्या दुकानापाशी."

चहा उतू गेला. दोघांतलं कुणी उठलं नाही.

"मी उद्या जाऊन परत करतो," मी म्हणालो. "भांडतो त्यांच्याशी. नियम काय सांगतात मला."

"सेलचा माल परत घेत नाहीत," ती म्हणाली. "वाचलंत ना तुम्ही."

मग तिनं जुना कोट माझ्या हातातून काढून घेतला, बाही सरळ केली, घडी घातली आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवला.

"आता सांगा," ती म्हणाली. "तीन की सहा?"

"तीन," मी म्हणालो. "फार तर चार."