माझी किंमत ठरली तेव्हा

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, आणि माझ्यासारखी गाडी पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नाही. म्हणजे तशा त्या साली त्याच कारखान्यातून माझ्या शेकडो बहिणी बाहेर पडल्या, हुबेहूब अशाच. पण त्यांतल्या निम्म्या झाडांना जाऊन भेटल्या आणि उरलेल्या गंजाने खाल्ल्या. मित्रांनो, दुर्मीळ व्हायला फारसे गुण लागत नाहीत. नुसतं टिकून राहावं लागतं.

माझं अंग हाताने पत्रा ठोकून घडवलं आहे. डावं दार ठोकताना बहुधा जेवणाची सुट्टी जवळ आली होती, कारण ते दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. जाणकार लोक याला हस्तकला म्हणतात.

माझा पहिला मालक एक हौशी वकील होता. छप्पर उघडून तो मला भरधाव पळवत असताना त्याचा केसांचा टोप उडाला आणि मागच्या बसच्या काचेवर जाऊन बसला. मला त्याच आठवड्यात विकण्यात आलं. पुढे दोन-चार हात फिरून मी एका भंगारवाल्याच्या अंगणात पोचले. तिथे माझ्या सीटवर एक कोंबडी अंडी घालायची. माझ्या हातून काही उत्पादन झालं असेल तर ते त्याच काळात.

तिथून मला एका चष्म्याच्या दुकानदाराने उचललं. नवं लग्न, कोपऱ्यावर छोटंसं दुकान. बायकोने शिलाई मशीनसाठी पैसे साठवले होते. त्या पैशांत माझा कार्बोरेटर आला. "मशीन पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणाले. पुढची वर्षं पुष्कळ आली.

पण रविवारी दुकान बंद झालं की काका-काकू दोघं मला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्याला लागायची. काकू डोक्याला रुमाल बांधून बसायच्या. वळण आलं की ओरडायच्या, "अहो, हळू!" आणि सरळ रस्ता लागला की म्हणायच्या, "एवढं काय हळू? बैलगाडी आहे का?" त्यांची लेक दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली ती माझ्यातूनच, आईच्या मांडीवर. ते माझे सुखाचे दिवस होते.

घराच्या भिंतींना पोपडे आले, पण मला दर वर्षी नवा लाल रंग मिळायचा. "अरे, कालच कारखान्यातून आणली वाटतं!" असं शेजारी म्हणाले की चष्मेवाले काका आठवडाभर छाती काढून चालायचे.

मग जगाला चष्मे लावणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांना कुठलाच चष्मा लागू पडेना. नजरेच्या मधोमध एक डाग बसला, तो हटेना. समोर बघायचं म्हटलं की समोरचं तेवढं दिसायचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. काका तरी गॅरेजमध्ये यायचे, माझं इंजिन चालू करायचे आणि स्टिअरिंग धरून नुसते बसायचे. मी धूर सोडायची. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

दुकान मोडलं. लेकीच्या शेजारच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं ठरलं. तिथे गॅरेज नव्हतं. मला विकणं भाग होतं, आणि त्यासाठी एक आकडा सांगणं भाग होतं.

"बाबा, सांगा किती लावायची?" लेकीने फोन हातात घेऊन विचारलं.

काकांनी आजवरचा सगळा खर्च मनातल्या मनात बेरजेला धरला आणि आकडा सांगितला.

"एवढ्यात लोक दोन गाड्या घेतात आणि वर ड्रायव्हर ठेवतात!"

"जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघ की. याच्याहून चढ्या आहेत."

"जाहिरातीतल्या किमती म्हणजे लोकांच्या इच्छा असतात, बाबा. विकली कितीला गेली ते बघायचं. ही बघा, ही तर मी कॉलेजात होते तेव्हापासून विकायला आहे."

"अगं, पण मी घातलेत तेवढे पैसे!"

"तुमच्या हौसेचे पैसे घेणाऱ्याने का भरायचे?" काकू म्हणाल्या. "आणि तसंच असेल तर माझं शिलाई मशीनही धरा त्यात."



शेवटी जुन्या गाड्यांची किंमत ठरवणाऱ्या एका तज्ज्ञाला बोलावलं. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र माझ्या बॉनेटला लावलं आणि भुवया वर केल्या.

"किती वेळा रंगवलीत?"

"दर वर्षी!" काका अभिमानाने म्हणाले.

"अरेरे." तो घरच्यांना बाहेर बोलावणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "मूळ रंग असता ना काका, अगदी उडालेला, पोपडे आलेला, तरी दीडपट आली असती. लोकांना जुनं हे जुनंच हवं असतं."

"म्हणजे मी काहीच केलं नसतं तर..."

"तर जास्त."

"आणि ती कोंबडी तशीच ठेवली असती तर?" काकूंनी विचारलं. तज्ज्ञाने यंत्र पिशवीत ठेवलं.

तो गेल्यावर काका माझ्या बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्या काकू जवळ आल्या. "त्याला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "काही केलं नसतं, तर ही असती तरी का?"

कुठली जुनी गाडी खरोखर कितीला गेली ते लेकीने शोधलं. माझं दार, तळाचा गंज आणि काकांचं प्रेम वजा केलं. एक वाजवी आकडा निघाला. काकांनी तो मान्य केला आणि त्यावर थोडा चढवला.

"हे कशाला?"

"उतरवायला. दुकानात मी कधी एका शब्दात भाव सांगितला का? घासाघीस करताना माणूस बोलतो. हा रात्री वाचतो, ही सुई ओवते, हा नुसता मिरवतो, सगळं त्यात कळतं. जो हिला चालवणार असेल, त्याच्यासाठी मी खाली येईन. नुसती उभी करणार असेल, तर देणारच नाही."

मग त्यांनी काकूंना गिऱ्हाईक करून सराव केला.

"इश्श, एवढी महाग?"

"बाई, चालवणार का उभी करणार?"

"रोज भाजीला नेणार."

"मग न्या, फुकट न्या!"

दोघं हसली. त्या गॅरेजमध्ये त्यांना हसताना मी शेवटचं ऐकलं.

गिऱ्हाईक आलं. स्वच्छ कपड्यांतला, मोजकं बोलणारा माणूस, बरोबर त्याचा मेकॅनिक. मेकॅनिकने मला एक फेरी मारून आणली. तो माणूस शेजारी बसून फोनवर बोलत होता.

"किती?" त्याने उतरल्यावर विचारलं.

काकांनी चढवलेला आकडा सांगितला, खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला.

"ठीक आहे," तो माणूस म्हणाला आणि त्याने फोनवरून पैसे पाठवले.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. पुढचं वाक्य आत तयार होतं, पण त्याला बाहेर यायला वाटच उरली नव्हती. "थोडं... थोडं कमी नको का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

तो माणूस हसला. त्याला वाटलं, म्हातारा गमतीदार आहे. "नको काका. किंमत बरोबर आहे."

तो फाटकाकडे गेला तेव्हा काकू म्हणाल्या, "वरचेही मिळाले की! मग तोंड का पाडलंत?"

"विचारायचं राहिलं गं."

"मग आत्ता विचारा. आहे तो तिथेच."

"आता कुठल्या हक्काने विचारू? गाडी त्याची झाली." मग म्हणाले, "आपण कमी सांगितली का गं?"

तोवर मला ट्रकवर चढवलं होतं. काकांनी हात हलवला. तो माझ्या दिशेला नव्हता, पण माझ्यासाठी होता.

आता मी एका थंड, चकचकीत दालनात असते. एक माणूस मऊ ब्रशने माझी धूळ झटकतो. माझं तेल गरम होत नाही. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे मीही तुम्हाला सांगेन. पण काळजी घेताना त्यांना त्यांचं काम करू द्या. आणि विकायची वेळ आलीच, तर जे विचारायचं ते किंमत सांगण्याआधी विचारून घ्या.

माझ्या नव्या मालकाला गाडी चालवता येत नाही.